शिवेवरचं हेलिपॅड

आमच्या दोन गावांनी मिळून विमानतळ केला, असं मी सांगते तेव्हा पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी आधी हसतात. मग मी रागावते. मग त्यांच्यातली एखादी समजूत काढल्यासारखं विचारते, "बरं बाई, कुठली विमानं येतात तुमच्याकडे?" विमानं येत नाहीत. हेलिकॉप्टर येतं. तेही रोज नाही. कुणाच्या तरी जिवावर बेतलं की येतं. पण बोलावलं की येतं आणि आलं की उतरतं. ह्या 'उतरतं'साठी दोन गावांनी काय काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. गावात सगळे त्या जागेला विमानतळच म्हणतात. मी जन्मभर मुलांच्या वह्यांतले चुकीचे शब्द लाल पेनाने खोडले, पण हा शब्द मी खोडणार नाही.

माझं माहेर जुन्नर तालुक्यात, नारायणगावाच्या अंगाला. सासर आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळच्या बाजूला. ऐकायला दोन तालुके, पण मध्ये फक्त एक माळ आहे. माहेरच्या परसातून निघून माळ ओलांडला की सासरचं अंगण. माझ्या लग्नात वऱ्हाड इतक्या लवकर पोचलं की वाजंत्रीवाल्यांना हौस भागवायला माळावर उगाच दोन चकरा माराव्या लागल्या. माळाच्या मध्यावर शिवेचा दगड आहे, शेंदूर फासलेला. दगडाच्या ह्या अंगाला जुन्नर, त्या अंगाला आंबेगाव. माळ खडकाळ. तिथं ना कांदा होतो, ना टोमॅटो, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि लक्ष नव्हतं म्हणूनच तो मोकळा राहिला. हवा स्वच्छ असली की तिथून लांबवर शिवनेरी दिसतो आणि अलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आधी माहेरच्या गावाला शिकवलं, नंतर बदली होऊन सासरच्या. दोन्हीकडे आता नातवंडं खेळवणारी माणसंसुद्धा मला येताना बघून तोंडातली तंबाखू पटकन थुंकतात. ह्या गोष्टीचा मला किती आनंद होतो ते मी आजवर कुणाला कळू दिलेलं नाही.

दोन्ही गावांत पिढ्यान् पिढ्यांची सोयरीक. ह्या गावची लेक त्या गावची सून, त्या गावचा भाचा ह्या गावचा जावई. आणि तरी बोलणं बंद. कारण बैलगाडा. आमच्याकडे शर्यतीत गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. एकेक गाडा एकटा घाट, म्हणजे शर्यतीचा चढ, चढून पळतो आणि त्याला लागलेला वेळ घड्याळावर मोजतात. त्या एका पळण्याला बारी म्हणतात. आमच्या सासरच्या जत्रेत माझ्या धाकट्या भावाचा गाडा पळाला आणि घड्याळ होतं माझ्या नवऱ्याच्या हातात. भावाचा गाडा अगदी पापणी लवावी एवढ्याने मागे पडला. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजींनी घड्याळ उशिरा दाबलं." आमचे हे म्हणाले, "बैल हळू पळालं त्याला घड्याळ काय करील?" झालं. त्या दिवसापासून त्या गावचा गाडा ह्या घाटात नाही आणि ह्या गावचा त्या घाटात नाही. भाऊबीजेला भाऊ माझ्याकडे यायचा थांबला. मग मीच ताट घेऊन माळ ओलांडून जायचे आणि ओवाळताना त्याला चार गोष्टी ऐकवून यायचे. तो मुकाट ऐकायचा. घरी आले की हे विचारायचे, "काय म्हणतोय तो?" मी म्हणायचे, "अहो, एवढी काळजी असेल तर स्वतः जाऊन विचारा." ते पेपरात डोकं घालायचे.

हे असं आयुष्यभर चाललं असतं तरी माझी हरकत नव्हती. पण आमच्या घरात एक दुःख झालं.

माझ्या मुलाला आणि सुनेला खूप वर्षांनी मूल होणार होतं. ते दिवस भरायच्या आधीच झालं. मुलगा होता. नारायणगावच्या डॉक्टरांनी त्यांच्या परीने सगळं केलं आणि सांगितलं की ह्याला लहान बाळांच्या मोठ्या दवाखान्यात पुण्याला हलवा, ताबडतोब. अँब्युलन्स निघाली. बापाच्या मांडीला लागून ते बाळ होतं. वाटेत चाकणला पुढे ट्रक, मागे ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या. सायरन ओरडत राहिला आणि गाडी जागची हलली नाही. माझा मुलगा खाली उतरून लोकांच्या काचा ठोकत फिरला. माणसं वाईट नव्हती, त्यांनाही सरकायला जागा नव्हती. बाळ तिथेच गेलं.

त्यानंतर आमच्या घरात चाकण हा शब्द कुणी काढत नसे. पुण्याला जाऊन आलेला माणूस नुसतं 'खाली जाऊन आलो' म्हणायचा. शेजारीपाजारीही आमच्यासमोर तो शब्द टाळायचे. मुलगा शेतात राबायचा, सून घरात राबायची आणि दोघं एकमेकांशी फार गोड बोलायची. तो गोडवा मला बघवत नसे.

मग सुनेला पुन्हा दिवस गेले. डॉक्टरांनी आधीच बजावलं, हेही बाळ लवकर येण्याचा संभव आहे, सातवा लागला की पुण्यात खोली घेऊन दवाखान्याजवळ राहा. आम्ही तसं ठरवलं. पण सातव्याच्या आधीच काही झालं तर? हा प्रश्न घरात कुणी तोंडावर आणत नव्हतं. भाकरी थापताना, भांडी घासताना माझ्या डोक्यात दुसरं काही नसायचं. भीती वाटायची, सरळ भीती.

त्याच सुमारास कळलं की पुण्यातली एक हेलिकॉप्टर अँब्युलन्स सेवा आपल्या भागात उतरायला जागा शोधतेय. त्यांचं म्हणणं सोपं होतं. ज्या जागेचा बाराही महिने भरवसा देता येईल तिथेच आम्ही येऊ. ऐन वेळी कुणी लग्नाचा मांडव घातलाय, कुणी कांदा पसरलाय, असं चालायचं नाही. दोन्ही गावच्या पुढाऱ्यांनी आपापल्या गावचं नाव पुढे केलं, अर्थातच एकमेकांना न सांगता. त्या सेवेकडून पाहणीला वायुदलातून निवृत्त झालेले एक साहेब आले. त्यांनी माहेरच्या शाळेचं मैदान पाहिलं, डोक्यावर विजेच्या तारा. सासरच्या जत्रेचं मैदान पाहिलं, कडेने झाडं आणि दुकानं. मग ते माळावर जाऊन उभे राहिले, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हाला हवी ती जागा ही आहे. पण अर्धी नाही चालणार. पूर्ण लागेल."

पूर्ण म्हणजे दोन्ही गावांची.

म्हणून माळावर बैठक बसली. दगडाच्या ह्या अंगाला एक गाव, त्या अंगाला दुसरं. चहाच्या किटल्याही दोन. कुणी कुणाच्या किटलीतला चहा घेतला नाही. चर्चा सुरू झाली ती थेट नावापासून. पाटी लावायची तर आधी कुठल्या गावाचं नाव? जुन्नर वर की आंबेगाव वर? जमीन अजून दिलेली नाही, धोंडे अजून वेचलेले नाहीत आणि ही मंडळी पाटीवरून हमरीतुमरीवर आली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायका मागे बसल्या होत्या, त्यांच्यातून मी उठले आणि जाऊन दगडापाशी उभी राहिले.

"मला नातवंड हवंय," मी म्हणाले. "जिवंत हवंय. पाटीवर तुमच्या म्हशीचं नाव लावा, मला काही फरक पडत नाही."

एवढंच बोलले. पुढचं बोलता आलं नसतं. आमचं काय झालं होतं ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग माझा भाऊ उठला. तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "आक्का, आमची बाजू आमी सपाट करून देतो. ज्याला पाटीवर नाव पायजे त्यानं माळावर यायचं न्हाई."

ह्यांनी आभाळाकडे बघून जाहीर केलं, "मग आमची बाजू बी व्हईल."

कामाला लागल्यावर मात्र दोन्ही गावं अशी राबली की बघत राहावं. चुरस होतीच, पण ती ह्या वेळी कामाची होती. एका बाजूला जेसीबी आला की संध्याकाळपर्यंत दुसऱ्या बाजूला आलाच. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी आमची दोन-तीन मुलं-मुली उतार मोजायला आली. दोन्हीकडच्या विहिरींवरून पाइप टाकून माळाभोवती तुषारांचे फवारे बसवले, धूळ बसायला. वारा कळावा म्हणून खांबावर कापडी पिशवी चढली. साहेबांनी सगळ्यात जास्त धास्ती घातली ती मल्चिंग पेपरची. टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरतात तो प्लास्टिकचा कागद, पीक निघालं की त्याच्या चिंध्या शिवारभर उडत असतात. एक चिंधी पंख्यात गेली तरी घात होईल, असं ते म्हणाले. मग दोन्ही गावच्या बायका पोती घेऊन निघाल्या आणि बांधाबांधावरून त्या चिंध्या वेचल्या. मीही वेचल्या. वारूळवाडीहून माहेरी आलेली एक लेक भर उन्हात माझ्याबरोबर होती. तिला म्हटलं, तू कशाला, तू पाहुणी. ती म्हणाली, "बाई, हितं उतरलं तर आमच्या वारूळवाडीलाबी त्येच उपयोगाचं हाय ना?"

साहेबांचे नियम तीनच होते. धूळ नको, कागद नको, माणूस जवळ नको. सगळ्यांना पाठ झाले. आणि चाचणीचा दिवस उगवला.

आता जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. हेलिकॉप्टर येणार म्हणजे काय, पहिल्यांदा येणारा पाहुणा. आमच्या मुलखात पाहुणा असा कोरडा येत नाही. देव असो, जिंकलेला बैल असो की नवरदेव, त्याच्यावर भंडारा उधळायचा, हळदीची ती पिवळी पूड. माझ्या सासरच्यांना वाटलं, त्या गावाने स्वागतात आपल्याला मागे टाकलं तर तोंड दाखवायला जागा नाही. माहेरच्यांनाही नेमकं तेच वाटलं. दोघांनीही एकमेकांना पत्ता लागू न देता भंडाऱ्याची पोती आणून बांधाआड झाकून ठेवली. भंडारा म्हणजे धूळ, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. धूळ म्हणजे मातीची. भंडारा तो भंडारा.

हेलिकॉप्टर खोडदच्या बाजूने दिसलं आणि हलगी कडाडली. शिट्ट्या घेऊन उभी असलेली स्वयंसेवक पोरं ओरडत राहिली, मागं व्हा, मागं व्हा. कोण ऐकतंय? "काल मिसरूड फुटलंय तुला, तू आमाला सांगतो व्हय?" म्हणत माणसं पुढे. हेलिकॉप्टर खाली यायला लागलं. दोन्ही बाजूंनी पोती फुटली. वरून पंख्याचा वारा आला आणि सगळा माळ, सगळं आभाळ, सगळी माणसं एकदम पिवळी झाली. समोरचा माणूस दिसेना. दोन-चार फेटे सुटून उडाले. आवाज मात्र वर वर जायला लागला. पिवळं खाली बसलं तेव्हा हेलिकॉप्टर लांब ठिपक्याएवढं झालं होतं.

नखशिखान्त पिवळी झालेली दोन गावं एकमेकांकडे बघत उभी. एक म्हातारेबुवा डोळे चोळत म्हणाले, "आरं, पावणा आला आन् पानी न पिता गेला की राव!"

आज हे आठवलं की मी एकटीच हसत बसते. त्या दिवशी हसू आलं नाही. सून दारात उभी होती. तिने मला पिवळी होऊन आलेली पाहिलं. नुसती आत गेली.

साहेबांचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाले, वैमानिकाला खालचं काही दिसेना, म्हणून तो परतला. आणखी एक चाचणी घेऊ. तीही अशीच झाली तर ही जागा सोडून द्यावी लागेल. तुमच्या लोकांवर माझा राग नाही, पण भरवसा नाही तिथे मी माणूस पाठवू शकत नाही.

लगेच दोन्ही गावांत सुरू झालं, आधी कुणी उधळला? त्यांनी, त्यांनी. परत बैठक, परत दोन किटल्या. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एक वेगळीच गोष्ट घोळत होती. त्या गोंधळात एकाच ठिकाणी माणसं मागे हटलेली मी पाहिली होती. माझ्या माहेरच्या बायकांचा एक घोळका पार पुढे गेला होता आणि त्यांच्यासमोर माझ्या सासरच्या गावचा एक तरुण हात जोडून उभा राहिला होता. तो त्यांच्यातल्याच एकीचा जावई. "मामी, मागं चला, पाया पडतो," एवढंच तो म्हणाला. मामीने पदर सावरला, सगळ्या बायकांना ओढलं आणि थेट बांधापलीकडे गेली. आमच्या माणसांचा हा स्वभावच आहे. घरच्याचं ऐकणार नाहीत, पण सोयऱ्यासमोर मान खाली.

मी उठले. म्हटलं, "ह्या गावची गर्दी ह्या गावाने सांभाळायची नाही. त्या गावच्यांनी येऊन सांभाळायची. आणि त्या गावची ह्या गावच्यांनी. उभे करायचे ते जावई आणि व्याही. बघू कोण जावयाला ढकलून पुढे जातो ते."

आधी दोन्हीकडे खसखस पिकली. मग हळूहळू माना हलायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "बाई, बराबर हाय. सासऱ्याच्या अंगावर वरडायची माझी छाती न्हाई, पण म्या उभा ऱ्हायलो तर त्यो बी हलायचा न्हाई." मी तिथेच वाटणी करून टाकली. आमच्या गावच्या लोकांपुढे माझा भाऊ. माहेरच्या लोकांपुढे आमचे हे. दोघांनीही माझ्याकडे रागाने पाहिलं आणि दोघांनीही नाही म्हटलं नाही. त्याची तालीमसुद्धा केली. हेलिकॉप्टर म्हणून ट्रॅक्टर आणला आणि माझ्या सासरच्या घरातली सगळी मंडळी माझ्या भावासमोर दारात आलेल्या सोयऱ्यांसारखी अवघडून उभी राहिली.

दुसऱ्या चाचणीचा दिवस ठरला. तो उजाडायच्या आधीच सुनेला कळा सुरू झाल्या.

सकाळची वेळ होती. मुलगा टोमॅटो तोडणीवर होता, तसाच चिखलाच्या पायांनी गाडीत बसला. नारायणगावला पोचलो आणि थोड्या वेळात बाळ झालं. मुलगी. इतकी लहान की मला तिच्याकडे बघायला धीर होईना. श्वास तिला तिचा तिला पुरा जमत नव्हता. डॉक्टर बाहेर आले. काही बोलायच्या आधीच मुलाला कळलं. तो भिंतीला टेकून हळूच खाली बसला.

डॉक्टरांनी हेलिकॉप्टर सेवेला फोन लावला. पलीकडे साहेबच होते. म्हणाले, जागा अजून मंजूर नाही, पण वैमानिक यायला तयार आहे. तो वरून पाहील. माणसं लांब आणि जमीन ओली दिसली तर उतरेल. नाहीतर वळेल, मग मला दोष देऊ नका. डॉक्टरांनी फोन माझ्याकडे दिला. साहेबांनी विचारलं, "माळाची जबाबदारी कोण घेतंय?"

मी म्हणाले, "दोन गावं."

पिवळं आभाळ मी विसरले नव्हते. मी भावाला फोन केला. "आक्का, समजलं, ठेव तू," म्हणून त्याने माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. ह्यांना लावला तर लागेना. मग कळलं, भाऊच त्यांच्याशी बोलत होता. इतक्या वर्षांनी, त्याने दाजींना फोन केला होता.

बाळाला काचेच्या पेटीत घालून आम्ही अँब्युलन्समधून माळाकडे निघालो. सुनेला दवाखान्यातच ठेवावं लागलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, उतरू द्या त्याला." मी हो म्हटलं. माझ्या हातात काय होतं?

माहेरच्या गावातला रस्ता मोकळा होता. एरवी तिथे टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअप आडव्यातिडव्या उभ्या असतात. त्या सगळ्या शेतात उतरवून ठेवल्या होत्या. कुणी हात केला नाही, कुणी हाक मारली नाही. माळावर पोचलो आणि मी खाली उतरले.

दोन्हीकडचे फवारे चालू होते. जमीन काळीशार भिजलेली. आणि माणसं! दोन्ही गावांतलं हिंडतं-फिरतं एकही माणूस घरी राहिलं नसावं. पण सगळी पार बांधापलीकडे. आमच्या गावापुढे माहेरचे जावई-व्याही हात पसरून उभे, मध्ये माझा भाऊ. पलीकडे माहेरच्यांपुढे आमच्या गावचे, मध्ये हे. बायकांनी पदर खोचून गाठी मारल्या होत्या, पुरुषांनी टोप्या आणि फेटे काढून बगलेत धरले होते. कुणाचाही आवाज नव्हता. जी माणसं बारीला घसा फुटेस्तोवर ओरडतात, ज्यांच्या वरातीत शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, ती माणसं अशी गप्प होती की मला फवाऱ्यांची टिकटिक ऐकू येत होती.

हेलिकॉप्टर आलं. वर एक घिरटी घातली. त्या घिरटीएवढी लांब गोष्ट मी आयुष्यात पाहिली नाही. मग ते खाली यायला लागलं. वारा सुटला, पाण्याचे तुषार उडाले, ओली माती जागची हलली नाही. टेकलं ते. थेट टेकलं.

डॉक्टर आणि नर्स पेटी घेऊन वाकून धावले. आत बापाला जागा नव्हती. मुलाने पेटीच्या काचेला एकदा हात लावला आणि मागे झाला. दार लागलं. ते उठलं, दक्षिणेकडे वळलं आणि डोंगराआड दिसेनासं झालं. मुलगा लगेच जीपमध्ये बसून रस्त्याने पुण्याकडे निघाला.

मला नंतर लक्षात आलं की ज्यांनी गर्दी सांभाळली त्या कुणीच हेलिकॉप्टर उतरताना पाहिलं नाही. त्यांची तोंडं लोकांकडे होती, पाठ माळाकडे. माझ्या भावाने नाही पाहिलं, ह्यांनी नाही पाहिलं. एकदाही वळून बघितलं नाही. इतकी हौस असलेली ही माणसं! पुढे हेलिकॉप्टर पुष्कळदा आलं. आदिवासी वाड्यांतल्या बाळंतिणीसाठी आलं, ट्रॅक्टरखाली सापडलेल्या एकासाठी आलं, महाळुंग्याच्या एका म्हाताऱ्यासाठी आलं. दर वेळी सोयरे असेच पाठ करून उभे राहतात. साहेब इतर गावांना आमचा दाखला देतात म्हणे. माझी नात आता घरभर रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. तिच्या मागे धावताना माझे गुडघे बोलतात, तरी मला तिला कुणाकडे द्यावंसं वाटत नाही.

पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. हेलिकॉप्टर गेलं तरी माळावरून कुणी हललं नाही. फवारे बंद झाले. माणसं हळूहळू आत आली, ओल्या जमिनीवर बसली. दोन गावं मिसळून बसली, कोण कुठल्या बाजूला ह्याचा मेळ राहिला नव्हता. भाऊ माझ्याशेजारी येऊन बसला, दुसऱ्या बाजूला हे. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण ह्यांनी पाण्याची बाटली माझ्या पुढून भावाकडे केली आणि त्याने घेतली.

डॉक्टरांचा फोन आला. बाळ मोठ्या दवाखान्यात पोचलं, मशीनवर घेतलंय, श्वास नीट चालू आहे, धोका टळलाय असं आत्ताच म्हणता येणार नाही, पण वेळेत पोचलं. वेळेत. मी तो शब्द मोठ्याने पुन्हा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असा. कुणी टाळी वाजवली नाही. बायका रडायला लागल्या. भाऊ मान फिरवून डोळे पुसत होता. मला वाटलं, हे माझं गाव आहे, हेही माझं गाव आहे आणि ह्यांच्यासारखी माणसं कुठे नाहीत. आजही तसंच वाटतं.

मग मुलाचा फोन आला. मागे हॉर्नचा नुसता कालवा चालला होता.

"आई," तो म्हणाला, "गाडी जागची हलंना. पुढं ट्रक, मागं ट्रक. म्या चाकणला हाय."

इतक्या दिवसांनी तो शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारला.

"तिचं काय झालं, आई? कुटपर्यंत गेली?"

"पोचली रे," मी म्हणाले. "कधीच पोचली. दवाखान्यात आहे, श्वास नीट चालू आहे."

पलीकडून नुसते हॉर्न ऐकू येत राहिले. माळावर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मग माझा मुलगा हसला. रडता रडता, पण हसलाच.

"मग अडकू दे मला, आई," तो म्हणाला. "दिवसभर अडकू दे."